मिशिगनची पोती आणि आपले भंगार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ब्रोमिनयुक्त अग्निरोधक रसायने हा विषय अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने का घ्यावा, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. रसायनशास्त्र माझे नव्हे. जे थोडेफार कळले ते वाचून कळले. परंतु एखाद्या वस्तूचा नफा कोण घेतो आणि तिची किंमत कोण चुकवतो, हा प्रश्न माझ्या शास्त्राचा आहे. या रसायनांच्या इतिहासात तो लख्ख दिसतो.

ब्रोमिन हे खाऱ्या पाण्यातून मिळणारे मूलद्रव्य. आपल्याकडे कच्छमध्ये मीठ काढून उरलेल्या पाण्यातून ते काढतात. बायफिनाइल या दोन कड्यांच्या संयुगावर उत्प्रेरकाच्या सान्निध्यात ब्रोमिनची क्रिया केली, की कड्यांवरील हायड्रोजनची जागा ब्रोमिन घेतो. तयार होते ते पीबीबी. प्लास्टिकात मिसळलेले हे संयुग तापले की ब्रोमिन सुटतो, ज्वालेतील रासायनिक साखळी तोडतो आणि आग मंदावते. हा गुण खरा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र कारखानदाराला जो टिकाऊपणा हवा असतो तोच सृष्टीला भोवतो. हे संयुग सहजासहजी कुजत नाही, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चरबीत मात्र साठून राहते.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात सेंट लुईस नावाचे छोटे गाव आहे. तेथील मिशिगन केमिकल कंपनीच्या कारखान्यात ‘फायरमास्टर’ हे अग्निरोधक तयार होई आणि गुरांच्या खाद्यात घालण्याचे ‘न्यूट्रिमास्टर’ही तयार होई. एक विष, दुसरे पोषक. नावे मात्र सख्ख्या भावांसारखी. १९७३ साली रंगीत छापाच्या पोत्यांची टंचाई झाली म्हणून साध्या पोत्यांवर नावे उमटवून माल भरला गेला, आणि फायरमास्टरची काही पोती पशुखाद्याच्या गिरणीत पोहोचली. गाई दूध देईनाशा झाल्या, गाभडू लागल्या, त्यांचे खूर वेडेवाकडे वाढू लागले. शेतकऱ्यांना सांगण्यात आले की तुम्हालाच गुरे सांभाळता येत नाहीत! रिक हॅल्बर्ट हा शेतकरी रसायन अभियांत्रिकी शिकलेला होता. त्याने पदरमोड करून खाद्याचे नमुने प्रयोगशाळांकडे धाडले, चिकाटी सोडली नाही, आणि १९७४ च्या एप्रिलमध्ये जॉर्ज फ्राइस या सरकारी शास्त्रज्ञाने ते द्रव्य ओळखले. तोवर राज्यातील लोक कित्येक महिने तेच दूध पीत होते.

पाचशेहून अधिक गोठ्यांवर बंदी आली. सुमारे ३० हजार गाईगुरे आणि १५ लाख कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. आपल्या हातांनी वाढवलेली गाय खड्ड्याशी नेणाऱ्या माणसाचे दुःख आकड्यात मावत नाही. आणि हे मी आकड्यांतच हयात घालवलेला माणूस सांगतो आहे.

आता खरी मेख पाहा. सरकारने मांस व दुधातील चरबीसाठी दहा लाखात एक भाग ही मर्यादा ठरवली, पुढे ती ०.३ वर आणली. त्या रेषेच्या वर असलेल्याची गुरे मारली जात आणि भरपाईचा मार्ग उघडे. रेषेखालच्याची गुरे आजारी असली तरी कायद्याच्या लेखी ती निर्दोष! अशाच एका शेतकऱ्याचा दावा प्रदीर्घ सुनावणीनंतर १९७८ साली फेटाळला गेला. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये लॅरी ब्रिलियंट आणि सहकाऱ्यांचा अहवाल आला. हेच ब्रिलियंट भारतात देवी निर्मूलनाच्या मोहिमेत राबले होते. मिशिगनच्या दक्षिण भागात तपासलेल्या मातांपैकी ९६ टक्के जणींच्या दुधात पीबीबी सापडले. कारखानाही १९७८ मध्ये बंद झाला. कामगारांचा रोजगार गेला, विषारी जमीन आणि नदी गावाच्या पदरी राहिली. १९८२ च्या तडजोडीत कंपनीने सुमारे ३ कोटी ८५ लाख डॉलर मोजून अंग काढले. पुढील साफसफाईचा मोठा भार सार्वजनिक तिजोरीवर पडला.

पीबीबी गेले. त्याच्या जागी त्याचेच भावंड पीबीडीई आले. दोन कड्यांमध्ये ऑक्सिजनचा एक अणू, बाकी घडण तीच. स्वीडनमध्ये साठवून ठेवलेले मातांच्या दुधाचे नमुने तपासले तेव्हा दिसले, की १९७२ ते १९९७ या काळात त्याचे प्रमाण दर पाच वर्षांनी साधारण दुप्पट होत गेले.

“मग माणसे आगीत जळू द्यायची काय?” असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये खुर्च्यांच्या फोमला ज्योतीच्या कसोटीला उतरण्याची अट घातली, ती १९१३ नव्हे, २०१३ साली बदलली. कापडाने धुमसती सिगारेट सोसावी, एवढी कसोटी पुरे मानली गेली. तत्पूर्वी २०१२ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने उघड केले होते, की या रसायनांच्या बाजूने लोकहिताच्या नावे प्रचार करणारी ‘सिटिझन्स फॉर फायर सेफ्टी’ ही संस्था तीन मोठ्या रसायन कंपन्यांच्या पैशावर चालत होती. जवळजवळ चार दशके ती अट टिकली, याचे नवल वाटायला नको.

स्टॉकहोम कराराने २००९ मध्ये पीबीबीचा मुख्य प्रकार आणि काही पीबीडीई, २०१३ मध्ये एचबीसीडी, २०१७ मध्ये डेकाबीडीई यांना निषिद्ध यादीत घातले. भारताने २०१८ च्या नियमांनी सात द्रव्यांवर बंदी घातली. त्या सातांत डेका नव्हते.

परंतु बंदी नव्या मालावर असते. जुने संगणक, जुने दूरचित्रवाणी संच आपले विष अंगात घेऊन भंगारात येतात. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये तारा आणि पाट्या उघड्यावर जाळून, फोडून तांबे काढतात. त्या धुरात ब्रोमिनयुक्त डायॉक्सिन असतात. काळे प्लास्टिक वितळवून पुन्हा विकले जाते, आणि अशा प्लास्टिकच्या मुलांच्या खेळण्यांत ही अग्निरोधके सापडली आहेत. खेळण्याला आग लागेल म्हणून ती कोणी घातलेली नसतात. ती फक्त पुढे सरकवली गेली आहेत.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादकाने नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यांकडून प्रमाणपत्रे घ्यावयाची आहेत. हिशेब कागदावर जुळेल. पण संच प्रत्यक्षात फोडणारा पोरगा त्या कागदावर कोठेच नाही. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती ओळखपत्र आणि हक्काच्या कामासाठी झगडली. ई-कचरा फोडणाऱ्यांमध्ये आपण अशी संघटना बांधू लागलो, तर मागणीपत्रात मजुरीच्या शेजारीच दोन कलमे घालावी लागतील: फोडणाऱ्याची आरोग्यतपासणी उत्पादकाच्या खर्चाने, आणि प्रत्येक संचात कोणते अग्निरोधक आहे ते संचावरच छापलेले. सेंट लुईसच्या पोत्यांवर नाव तरी होते.