मोटारीवरून सायकलीवर

माणूस आधी पायी चालतो, मग सायकल घेतो, मग फटफटी आणि दैव अनुकूल असलं तर मोटार. हा जिना आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की कोणी त्यावरून खाली उतरू लागला तर लोक त्याच्या प्रकृतीची नाहीतर सांपत्तिक स्थितीची चौकशी करतात. मी गेली काही वर्षं एकेक पायरी उतरतो आहे आणि दोन्ही चौकशांना उत्तरं देऊन थकलो आहे. म्हणून आज एकदाच सगळं सांगून टाकतो.

मी वाईला अर्थशास्त्र शिकवतो. घरापासून कॉलेज तीन किलोमीटर. आठ वर्षं मी रोज मोटारीनं जात होतो. सकाळचा पहिला तास साडेसातचा आणि माझा एक नियम होता: हजेरी सुरू झाली की दार बंद. उशिरा येणाऱ्यानं बाहेर थांबायचं. या शिस्तीचा मला अभिमानही होता, बरं का.

२०२२ च्या जुलै महिन्यात एक मुलगी लागोपाठ चार दिवस उशिरा आली. चौथ्या दिवशी तास संपल्यावर दार उघडलं, तर ती तिथेच उभी, भिजलेल्या ओढणीचं टोक पिळत.

मी विचारलं, "एस. टी. चुकते का?"

"नाही सर, सायकलनं येते."

"मग घरून लवकर निघावं."

"साडेसहालाच निघते सर. पण समोरनं वारं लई असतं."

तिचं गाव सुरूर फाट्याच्या अंगाला, नऊ किलोमीटरवर. गृहपाठ न करण्याची, उशिरा येण्याची शेकडो कारणं मी ऐकली होती, वाऱ्याचं कारण मात्र नवीन होतं. स्टाफरूममध्ये मी ते हसत हसत सांगितलं. आमचे भौतिकशास्त्राचे सहकारी तिथं चहा पीत बसले होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सायकल ताशी पंधरा किलोमीटरनं चालली आणि तेवढाच वारा समोरून आला, तर अंगावर येणारी हवा ताशी तीसची. वेग दुप्पट, विरोध चौपट. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा आणि ती पोरगी येते पूर्वेकडून. म्हणजे सपाट रस्त्यावर ती रोज घाट चढते आहे, आणि तुम्ही तिला दाराबाहेर उभी करता."

मी चहा न घेताच उठलो.

आमच्या पडवीत वडिलांची सायकल होती. वडील प्राथमिक शिक्षक. नगरपालिकेचा पितळी बिल्ला असलेली, पुढे दिवा, मागे कॅरिअर अशी त्यांची सायकल. दांडीखालून पाय घालून अर्धं अर्धं पायंडल मारत मी तिच्यावरच शिकलो, आणि गुडघ्यावरचा व्रण अजून आहे. दुकानात नेऊन दोन्ही टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर बदलले, चाकाचा आऊट काढून घेतला आणि पुढच्या रविवारी सुरूरच्या रस्त्याला लागलो. जाताना वारा पाठीशी. वाटलं, यात अवघड ते काय? परत फिरलो मात्र, आणि वाऱ्यानं छातीवर हातच ठेवला. दोनदा उतरून सायकल हातानं ढकलली. नऊ किलोमीटरला मला एक तास वीस मिनिटं लागली. त्या मुलीपेक्षा दहा मिनिटं जास्तच.

सोमवारी मी दार बंद केलं नाही. हजेरी तेव्हापासून तासाच्या शेवटी घेतो.

इथं "आणि मी मोटार सोडली" असं म्हणता आलं असतं तर भाषण छान झालं असतं. पण मंगळवारी मी पुन्हा मोटारच काढली. सवय काही एका रविवारी जात नाही. फक्त अर्थशास्त्राचा माणूस म्हणून मी एक उद्योग केला. महिनाभर एका वहीत मोटारीची प्रत्येक खेप लिहिली: कुठे गेलो, किती अंतर, बरोबर कोण. महिनाअखेर वही पाहिली तर पाचातल्या चार खेपा पाच किलोमीटरच्या आतल्या, आणि बहुतेक वेळा गाडीत मी एकटा. पासष्ट किलोच्या मास्तराला तीन किलोमीटर नेण्यासाठी आठ-नऊशे किलोंचं लोखंड हलवायचं! दुसऱ्या कोणी असा खर्चाचा ताळेबंद मांडला असता तर मी त्याला नापास केलं असतं.

मग सुरुवात भाजीपासून केली. त्यानंतर पोस्ट, केशकर्तनालय, शनिवारचं ग्रंथालय. दिवाळीनंतर आठवड्यातून दोन दिवस कॉलेज, पुढे चार दिवस. पहिल्या महिन्यात गुडघे दुखू लागले. वयाला दोष देत होतो, पण सायकलवाल्यानं पाहिलं, सीट दोन इंच वर घेतली आणि सांगितलं, "पायंडल खाली गेलं की पाय जवळजवळ सरळ व्हायला पाहिजे, सर." गुडघे थांबले. त्याच्याच दुकानात बसून मी दाते मोजले. पुढच्या चक्राला ४४, मागच्याला १८. म्हणजे पायंडलाच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि आपण साडेपाच मीटर पुढे जातो. घर ते कॉलेज साडेपाचशे फेरे. आकडा कळल्यावर अंतराची भीतीच गेली.

खरी अडचण पायांची नव्हती, प्रतिष्ठेची होती. चौकात कोणी ना कोणी विचारायचंच, "मास्तर, गाडी बिघडली व्हय?" घरी आईला काळजी, "मला साताऱ्याला डोळे दाखवायला कोण नेणार?" सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "अहो, निदान एक शर्ट तरी जास्तीचा न्या." तो शर्ट अजून स्टाफरूमच्या कपाटात आहे.

आईचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून मोटार विकली नाही. साताऱ्याला, आजारपणात, रात्रीच्या लांबच्या प्रवासाला ती लागतेच. दुधाचे कॅन घेऊन डेअरी गाठणाऱ्या शेतकऱ्याला मी सायकलीचा उपदेश करणार नाही, आणि हायवेला सायकल घालण्याचं धाडसही करत नाही. आमच्याकडे गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे दिवा नाही, बाजूला जागा नाही. तिन्हीसांजेला अशी ट्रॉली अंगावरून गेली तेव्हा मी सायकलीसकट शेताच्या चरात उतरलो होतो. आता मागे तांबडा दिवा लावतो आणि अंधाराच्या आत घर गाठतो. मोटारीत असताना या रस्त्याला कड नाही, हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. आमच्या निम्म्या मुली त्याच कडेनं येतात.

ती विद्यार्थिनी यथावकाश पदवीधर झाली आणि आता शेजारच्या गावात शिकवण्या घेते. गेल्या आषाढात मी त्याच रस्त्यानं वाईकडे येत होतो. वारा समोरून, मान खाली. मागून घंटी वाजली. "सर, जरा बाजूला घ्या," असं म्हणत ती पुढे गेली. कॅरिअरला वह्यांचा गठ्ठा बांधलेला होता. थोडं पुढे जाऊन तिनं वेग कमी केला आणि ओरडून सांगितलं, "माझ्या मागनं या सर, वारं कमी लागतं."

तसं ते खरंच कमी लागत होतं.