एकत्र कुटुंबातील पर्यावरणधर्म



‘पर्यावरणरक्षण’ हा शब्द नवा असला, तरी त्यामागील जाणीव जैन श्रावकाला नवी नाही. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती यांतही जीव मानणाऱ्या धर्माने पाणी गाळण्यापासून परिग्रहाला मर्यादा घालण्यापर्यंतचे आचार घरातच शिकविले. १९९० मध्ये डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी तयार केलेले निसर्गविषयक जैन घोषणापत्र लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात प्रिन्स फिलिप यांना सादर करण्यात आले. राजवाड्यापर्यंत पोहोचलेला हा विचार स्वयंपाकघरापर्यंत कितपत पोहोचला, हा खरा प्रश्न आहे.

एकट्या माणसाला स्वतःची राहणी बदलणे सोपे असते. एकत्र कुटुंबात मात्र नळ एक आणि सवयी अनेक! उदाहरणादाखल तीन पिढ्यांचे, नऊ माणसांचे एक घर डोळ्यांसमोर आणावे. धाकटी सून ओल्या कचऱ्याचे खत घरीच करू इच्छिते. आजी म्हणतात, “अगं, त्या कुंडीत अळ्या होतील. जाणूनबुजून जीव पैदा करायचे आणि मग ती उन्हात उपडी करून मारायचे, हा कुठला धर्म?” सून उत्तरते, “पण आजी, पिशवीत बांधून बाहेर टाकलेला कचरा तिथेही सडतोच ना?” सासूबाईंना वासाची चिंता, थोरल्या दिरांना शेजाऱ्यांच्या तक्रारीची. एका कुंडीपायी घरात अबोला धरला जातो.

यात चुकले कोणाचे? विचार केला, तर दोघींच्याही बोलण्याचे मूळ जीवदयेतच आहे. ओला कचरा मोठ्या ढिगाखाली हवेवाचून कुजला, की मिथेन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील देवनार कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर दूरवर पसरला होता. त्या आगीत होरपळलेल्या सूक्ष्म जीवांची गणती कोण करणार? म्हणून सुनेचे म्हणणे खरे. परंतु ओलावा साचलेल्या, वारा न लागणाऱ्या कुंडीत अळ्या होतात, हे आजींचे भयही तितकेच खरे.

अनेकान्त म्हणजे दोघींनाही ‘बरोबर’ म्हणून उठून जाणे नव्हे. दोन्ही सत्ये सांभाळणारी वाट शोधणे, हा त्याचा व्यवहार होय. ताटात उष्टे टाकू नये, जेवणानंतर ताट धुऊन प्यावे, हे आजींचेच जुने वळण. ते पाळले, तर कचऱ्याचा मोठा भाग जन्मालाच येत नाही. भाजीचे स्वच्छ देठ, साली, शेंगांची टरफले प्लॅस्टिकविना वेगळी ठेवून पांजरपोळातील गुरांना देता येतात. उरलेल्या थोड्या भागावर वाळलेल्या पानांचे थर देऊन, हवा खेळती राखून खत करता येते. म्हणजे वाद जिथे पेटला, तिथेच आजींचा अनुभव आणि सुनेची तळमळ एकत्र येऊ शकतात.

पाण्याचेही तसेच. निष्कारण होणाऱ्या हिंसेला शास्त्रकारांनी ‘अनर्थदंड’ म्हटले आणि गरजेवाचून पाणी सांडणे हा त्यातील प्रमाद मानला. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा नळ दात घासताना ३ मिनिटे उघडा राहिला, तर १८ लिटर पाणी वाहून जाते. नऊ माणसांचे झाले १६२ लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात एका माणसाच्या दिवसभराच्या सर्व गरजांसाठी १३५ लिटर पाणी धरले जाते. हा हिशेब मांडला, की तांब्याभर पाणी घेऊन दात घासणाऱ्या आजोबांना कोणी कंजूष म्हणणार नाही.

तथापि एक सावधगिरी हवी. नळ बंद करताना टोचून बोलले, तर पाणी वाचते, पण माणूस दुखावतो. पर्यावरणाच्या नावाखाली क्रोध आणि मान हे कषाय वाढले, तर अहिंसा उंबऱ्यातच अडखळली, असे म्हणावे लागेल. चांगल्या स्थितीतील जुन्या वस्तू टाकून ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून नव्यांची खरेदी करणे, हाही परिग्रहच. तसेच या साऱ्याचे कष्ट केवळ घरातील स्त्रियांवर पडू नयेत. कापडी पिशवी विसरून जो प्लॅस्टिकची पिशवी घरी आणतो, त्यानेच ती धुऊन, वाळवून पुन्हा वापरावी. पांजरपोळाची फेरी घरातील तरुणांनी वाटून घ्यावी.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने येत्या चातुर्मासापुरता एकच नियम घ्यावा. तो सर्वांनी एकत्र बसून ठरवावा. ज्याने सुचविला, त्याने आधी स्वतः पाळावा. दुसऱ्याकडून चूक झाल्यास न रागावता आठवण द्यावी. चार महिन्यांनी निभला, तर पुढे चालू ठेवावा आणि मगच दुसरा घ्यावा. व्रत लहान असले तरी चालेल. ते घरातील सर्वांचे असावे.

क्षमापनेच्या दिवशी सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. त्यांत नळाचे पाणी आणि अंगणातील माती जशी येते, तसेच वर्षभर एका छपराखाली ज्यांच्याशी वाद घातला, ती माणसेही येतात. या दोन्हींना जपणे, हाच एकत्र कुटुंबाचा पर्यावरणधर्म होय.

जय जिनेंद्र!