कात्रजला बिऱ्हाड मांडताना

सातारा, सांगली, कोल्हापूरकडून पुण्यात येणाऱ्याला घाट उतरला की शहराची पहिली मोठी वस्ती लागते ती कात्रजची. पीएमपी बसचे आगार इथेच, स्वारगेट पाच-सहा किलोमीटरवर, आणि भाडी मध्यवस्तीपेक्षा कमी. म्हणून कामाच्या शोधात आलेले अनेकजण पहिला मुक्काम इथे करतात. मात्र स्वस्त वाटलेले घर महिनाअखेर महाग पडू नये, यासाठी काही गोष्टींचा क्रम सांभाळावा लागतो.

पहिला नियम असा की काम ठरल्याशिवाय घर पक्के करू नये. पुण्यात कामाची ठिकाणे चारी दिशांना विखुरलेली आहेत. कात्रजच्या जवळ भारती विद्यापीठाची महाविद्यालये आणि रुग्णालय, कात्रज डेअरी, गुलटेकडीचे मार्केट यार्ड, कोंढवा रस्त्यावरील मार्बलची गोदामे आणि आंबेगाव-येवलेवाडीकडची बांधकामे आहेत. सातारा रस्त्याने खाली खेड-शिवापूर आणि शिरवळचे कारखाने आहेत. हिंजवडी मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे नोकरी आणि कात्रजला घर असेल, तर नवले पूल, वारजे, चांदणी चौक अशी रोजची कोंडी वाट्याला येते. काम ठरेपर्यंत कॉट बेसिसवर राहणे परवडते. त्यात एका खोलीत तिघे-चौघे असतात, भाडे प्रत्येक कॉटचे आकारले जाते आणि डिपॉझिट थोडे असते. जेवणासाठी मेस किंवा खानावळ असते. हमाल पंचायतीने 1974 मध्ये सुरू केलेल्या ‘कष्टाची भाकर’ने कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण देण्याची वाट पुण्यात घालून दिली.

घर शोधताना भाग नीट पारखावा. संतोषनगर, सुखसागरनगर ही बस थांब्यांना जवळची, दाट वस्ती. आंबेगाव खुर्द आणि बुद्रुक 2017 मध्ये महापालिकेत आले. मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभूळवाडी ही गावे 2021 मध्ये. नव्याने आलेल्या या भागांत भाडे कमी असते, पण पाणी अनेक ठिकाणी टँकरचे असते. टँकरचा खर्च भाड्यात धरला आहे की सोसायटी वेगळा लावते, हे आधी विचारावे. समजा आतल्या गल्लीतले घर दीड हजाराने स्वस्त आहे, पण मुख्य रस्त्यापर्यंत जाता-येता रोज साठ रुपये रिक्षाला लागतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी तेवढेच दीड हजार तिथे जातात, वर वेळ जातो तो वेगळाच. स्वारगेट-कात्रज भुयारी मेट्रोला केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली आहे. पण घरमालकाने मेट्रोचे नाव पुढे केले म्हणून भाडे वाढवून देण्यात अर्थ नाही. भाडे आजच्या सोयीचे द्यावे. महाविद्यालये सुरू होण्याच्या सुमारास, जून-जुलैत, विद्यार्थ्यांमुळे जागांना मागणी वाढते. शक्य असेल त्याने तो काळ टाळावा.

घर पसंत पडले की करार लेखी आणि नोंदणीकृतच करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी झालेली नसेल, तर अटींबाबतच्या वादात भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असते. त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांप्रमाणे व्याज मोजून मिळवले जाते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क 1,000 रुपये. आधार आणि बोटांचे ठसे देऊन ही नोंदणी ऑनलाइनही होते. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणे हे घरमालकाचे काम. डिपॉझिट रोख न देता बँकेतून द्यावे. एजंट साधारण एका महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेतो. घर पाहण्याआधीच ‘टोकन’ मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

कामाच्या बाबतीतही हाच सावधपणा हवा. शहरातल्या मोठ्या चौकांत सकाळी मजूर अड्डा भरतो. तिथे ठेकेदाराबरोबर जाण्याआधी रोजंदारीचा दर, कामाची जागा आणि परतीची सोय ठरवून घ्यावी. ठेकेदाराचे नाव आणि फोन नंबर घरी कळवावा. सुरक्षारक्षक, हाउसकीपिंग, गोदामातील कामे बहुधा एजन्सीमार्फत मिळतात. नोकरी लावण्यासाठी अनामत किंवा गणवेशाचे पैसे आगाऊ मागणारी, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणारी एजन्सी टाळावी. नियुक्तीपत्र, पगारपावती आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्यावा. राज्य सरकारच्या महास्वयम् संकेतस्थळावर नावनोंदणी मोफत आहे. मागील बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या, 18 ते 60 वयाच्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. मुलांच्या शिक्षणासाठी आणि उपचारासाठी मंडळाची मदत त्यातूनच मिळते.

गाव सोडले म्हणून गावाकडच्या सवलती संपत नाहीत. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत धान्य पुण्यातल्या रेशन दुकानातून आधारच्या पडताळणीने घेता येते. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, तरी तेवढ्यावरून सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश रोखता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तशी तरतूद आहे.

घर सोडण्याची तयारी घर घेतानाच करावी. राहायला येण्याच्या दिवशी भिंती, नळ, पंखे, वीज मीटरचे आकडे यांचे फोटो काढून मालकाला पाठवावेत. सूचना किती दिवस आधी द्यायची, रंगकामाचे पैसे कापले जातील का, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल, हे तिन्ही मुद्दे करारात लिहून घ्यावेत. सोडताना वीजबिल भरल्याची पावती आणि किल्ल्या दिल्याची लेखी पोच घ्यावी. कागद हाती असले की डिपॉझिटच्या परतफेडीसाठी मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही.