स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा कालपट : एका शास्त्रज्ञ विदुषीचे कार्य

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी वैद्य नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी आहे. तरीही डॉ. क्रिस्टीन आयाकोबुझिओ-डोनाह्यू यांच्या संशोधनाचा परिचय करून देण्याची संधी संस्थेने मला दिली, याबद्दल मी ऋणी आहे. मला जे उमगले ते आपल्या व्यवहाराच्या भाषेत मांडतो.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे दडलेली ग्रंथी. पाचक रस आणि इन्सुलिन निर्माण करणे हे तिचे कार्य. तिचा कर्करोग बहुधा उशिरा उघडकीस येतो. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण २०२५ च्या अहवालानुसार अवघे १३ टक्के आहे. हा रोग जन्मतःच इतका वेगवान असतो की त्याला वेळीच गाठणे अशक्य, की तो दीर्घकाळ मुक्याने वाढतो आणि आपल्यालाच दिसत नाही, हा खरा प्रश्न होता.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असताना डॉक्टरबाईंनी या प्रश्नाचे उत्तर मृत्यूनंतरच्या तपासणीत शोधले. शस्त्रक्रियेत मिळणारा गाठीचा तुकडा रोगाच्या एका टप्प्याचीच साक्ष देतो. म्हणून रुग्णांनी व त्यांच्या नातलगांनी आधीच संमती द्यावी, आणि निधनानंतर काही तासांतच मूळ गाठीचे तसेच यकृत, फुप्फुस आदी अवयवांत पसरलेल्या गाठींचे नमुने घ्यावेत, असा उपक्रम तेथे चालविला गेला.

अशा ७६ रुग्णांच्या तपासणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ७० टक्के रुग्णांत रोग सर्वदूर पसरलेला होता, तर ३० टक्के रुग्णांचा मृत्यू मुख्यतः मूळ जागीच वाढलेल्या रोगाने झाला होता. डीपीसी-४ नावाचे जनुक निकामी झालेल्या रुग्णांत रोग दूरवर पसरण्याचे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे एकाच नावाच्या या रोगाच्या चाली निरनिराळ्या आहेत.

२०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांच्या गटाचा गाजलेला निबंध आला. त्यातील युक्ती कापडवाल्याला चटकन समजेल. सुतातच खोट असेल, तर त्या सुताच्या प्रत्येक ठाणात ती दिसते. रंगाईत डाग पडला, तर तेवढ्याच लॉटमध्ये दिसतो. दुकानात चीर गेली, तर ती एका तुकड्यापुरतीच राहते. त्याचप्रमाणे, जो जनुकीय बदल सर्व गाठींत सापडतो तो सर्वांत जुना, आणि जो एकाच गाठीत सापडतो तो अलीकडचा. पेशींच्या विभाजनागणिक असे बदल साचत जातात. त्यांची मोजदाद करून काळाचा हिशेब मांडता येतो.

तो हिशेब असा निघाला : पहिल्या बदलापासून कर्करोगाची मूळ पेशी तयार होण्यास किमान १० वर्षे, पसरण्याचे सामर्थ्य येण्यास आणखी किमान ५ वर्षे, आणि त्यानंतर मृत्यूपर्यंत सरासरी २ वर्षे. निदान होते ते बहुतेक वेळा या शेवटच्या टप्प्यात. वेळीच निदानासाठी वर्षानुवर्षांची संधी असते, हा आशेचा धागा या संशोधनाने दिला. मात्र सर्वच गाठी अशा संथ गतीने वाढत नाहीत. काहींमध्ये मोठे बदल एकाच झपाट्यात घडतात, असे टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखविले. विज्ञानात जमाखर्च असा पुन्हा पुन्हा तपासला जातो.

पुढे डॉक्टरबाई न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन केटरिंग येथे गेल्या आणि तेथील स्वादुपिंड कर्करोग संशोधन केंद्राच्या संचालक झाल्या. त्याच संस्थेत शस्त्रक्रियेनंतर द्यावयाच्या, रुग्णागणिक वेगळ्या बनविलेल्या लसीची प्राथमिक चाचणी झाली. २०२३ च्या वृत्तानुसार १६ पैकी ८ रुग्णांत तिने प्रतिकारशक्ती जागी केली. संख्या लहान आहे, परंतु दिशा उत्साहवर्धक आहे.

आपण यातून काय घ्यावे? सर्वसामान्य, लक्षणे नसलेल्या माणसासाठी या रोगाची सरसकट चाळणी चाचणी अद्याप नाही. कुटुंबात हा रोग अनेकांना झाला असेल, तर मात्र तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. वेदनेविना झालेली कावीळ, कारणाविना घटणारे वजन, पन्नाशीनंतर अचानक उद्भवलेला मधुमेह यांकडे दुर्लक्ष करू नये. तंबाखू तर सोडावीच.

शेवटची विनंती अधिक कठीण आहे. घरात मृत्यू झाला असता शवविच्छेदनाचे नाव काढले तरी आपण अस्वस्थ होतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण ज्या कुटुंबांनी त्या दुःखाच्या घडीला होकार दिला, त्यांच्या स्वतःच्या माणसाला त्याचा काहीच लाभ होणार नव्हता. लाभ होणार होता तो अनोळखी, अजून आजारीही न पडलेल्या माणसांना. आपल्या परंपरेत औषधदान व ज्ञानदान यांचा महिमा सांगितला आहे. या होकारात ती दोन्ही दाने एकत्र आली आहेत, असे मला वाटते. या विषयावर प्रत्येक घरात, सर्व जण धडधाकट असतानाच, शांतपणे बोलणे व्हावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.