लाल ठिपका नसलेले विमान

(उत्सवातील ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘माझा छंद’ या विषयावर बोलाल का, असे कार्यकारिणीने विचारले तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. आपल्या मंडळात गाणारे आहेत, नाटकवाले आहेत, हिमालयात जाऊन आलेले आहेत. प्लॅस्टिकची विमाने जोडून रंगवणाऱ्या सत्तरीच्या माणसाने काय सांगावे? त्यावर आमची सौ. म्हणाली, “घरात रंगाचा वास मी दहा वर्षं सहन करतेय. मंडळाने अर्धा तास सहन करायला हरकत नाही.” म्हणून उभा राहिलो आहे.

मागच्या टेबलावर काचेच्या पेटीत एक विमान ठेवले आहे. त्याचे नाव हॉकर हरिकेन. दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ विमान. खऱ्या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४० फूट. आमची प्रतिकृती १/७२ प्रमाणात, म्हणजे पंख साधारण १७ सेंटिमीटर. तळहातावर मावते. ते पूर्ण व्हायला मला चार महिने लागले, आणि एका अर्थाने पन्नासहून अधिक वर्षे लागली.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, युद्धकाळात हवाई दलात रिगर होते. विमानाचा सांगाडा, पंख, वरचे आवरण यांची देखभाल करणारा तो रिगर. १९४४ साली जपानी सैन्याने इम्फाळला वेढा घातला, तेव्हा तिथे आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन घेऊन लढत होती. स्क्वाड्रन लीडर होते अर्जन सिंग, जे पुढे हवाई दलाचे प्रमुख आणि २००२ साली मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले. अप्पा त्या स्क्वाड्रनमध्ये होते. युद्ध संपल्यावर ते इथे बंगळूरच्या विमान कारखान्यात लागले आणि आम्ही इथलेच झालो. युद्धाविषयी ते फारसे बोलत नसत. एक काळा-पांढरा फोटो होता, हरिकेनच्या पंखाखाली पाचजण उभे असलेला. बस, तेवढेच.

१९६७ साली, मी बारा वर्षांचा असताना, मुंबईच्या मामांनी मला हरिकेनचे किट आणून दिले. मी दोन दिवसांत ते चिकटवले आणि घरात सापडले त्या ऑइल पेंटने रंगवले. खोक्यावरच्या चित्रात होती तशी निळी-पांढरी-लाल गोल चिन्हे पंखांवर लावली. रंगाचे ओघळ आले होते, काचेवर बोटांचे ठसे होते. पण मला ते जगातले सर्वांत सुंदर विमान वाटत होते. अप्पा कामावरून आले. मी ते त्यांच्या हातात दिले. त्यांनी उलटसुलट करून पाहिले, पंखावरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “हे आमचं नव्हे.” विमान टेबलावर ठेवून ते हातपाय धुवायला गेले.

मला फार लागले ते. विमान माळ्यावर गेले आणि पुढे कधी हरवले ते कळलेही नाही. त्यानंतर मी त्या वाटेला गेलो नाही.

अप्पा १९९१ साली गेले. २०१५ साली मी बँकेतून निवृत्त झालो आणि वेळ घालवायला पुन्हा किट आणले. वाचन सुरू झाले आणि तेव्हा कुठे मला त्या वाक्याचा अर्थ लागला. जपानी विमानांवर उगवत्या सूर्याचा लाल गोल असे. धावपळीच्या लढाईत आपल्या चिन्हातला लाल ठिपका दुरून तसाच दिसे आणि आपल्याच विमानावर आपलेच लोक गोळ्या झाडण्याचा धोका असे. म्हणून १९४२-४३ च्या सुमारास ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानांवरचा लाल रंग काढून टाकला गेला. बाहेर गडद निळा आणि आत फिका निळा, एवढेच चिन्ह राहिले. अप्पांच्या लेखी त्या ठिपक्याचा संबंध जगण्या-मरण्याशी होता. मी बारा वर्षांचा होतो, आणि त्यांना समजावून सांगायची सवय नव्हती. दोष कुणाचाच नव्हता. पण ते विमान एकदा नीट करायचे, असे मी ठरवले.

आता रंगाकडे येतो, कारण मुलांना तेच ऐकायचे आहे.

बरेच जण एअरब्रशने रंग फवारतात. माझ्याकडे तो नाही. मी साध्या ब्रशने रंगवतो. पहिला नियम असा की किटचे सुटे भाग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुवायचे आणि वाळवायचे. साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर असू शकतो. रंग त्या थरावर बसतो, प्लॅस्टिकवर बसतच नाही. मी घाईत हे एकदा टाळले. हरिकेनचा डावा पंख पूर्ण रंगवून झाल्यावर मास्किंग टेप काढली, तर टेपबरोबर रुपयाएवढा रंगाचा पापुद्रा निघून आला. खाली करडे प्लॅस्टिक उघडे! पंधरा दिवसांचे काम. त्या दिवशी मी जेवलोही नीट नाही. नंतर बारीक पॉलिश पेपरने कडा घासल्या, पंख धुतला, प्रायमर लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसरा नियम, रंग पातळ हवा, साधारण दुधाइतका. ब्रश मऊ आणि चपटा घ्यायचा, टोकालाच रंग घ्यायचा आणि एका दिशेने ओढायचा. ओढला की मागे वळायचे नाही. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश परत फिरवला की तो खरवडला जातो आणि रेघा उठतात. पहिला हात दिल्यावर विमान इतके वाईट दिसते की टाकून द्यावेसे वाटते. खालचे सगळे दिसत असते. तिथे धीर धरायचा. एनॅमल रंग असेल तर मी पुरा एक दिवस थांबतो, पावसाळ्यात दोन दिवस. दुसरा हात पहिल्याला आडवा. तिसऱ्या-चौथ्या हातानंतर रंग एकसारखा भरतो आणि ब्रशच्या खुणा दिसत नाहीत. एकच जाड हात दिला तर काम तासात होते, पण पत्र्यांच्या सांध्यांच्या बारीक रेषा बुजतात.

हे करताना अप्पांची एक गोष्ट आठवली. हरिकेनचा पुढचा भाग धातूच्या पत्र्याचा, पण शेपटीकडचा भाग कापडाचा असे. त्या कापडावर डोप नावाचे द्रावण ब्रशने लावत. ते वाळले की कापड आक्रसून तबल्याच्या पुडीसारखे ताठ होई. “पातळ लावायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा,” असे ते घरचा दरवाजा रंगवतानाही म्हणत. आणि हवा दमट असली की डोप पांढरट पडायचा. इम्फाळचा पावसाळा, वर शत्रू, आणि हे लोक हवा कोरडी व्हायची वाट बघत बसलेले! मला ती थाप वाटायची. मग माझ्या या विमानावर जुलैच्या एका पावसाळी संध्याकाळी मी मॅट व्हार्निशचा हात मारला आणि सकाळी पाहतो तर एका पंखावर दुधाळ साय आलेली. तेव्हा पटले.

आता मास्किंग. मास्किंग म्हणजे जिथे रंग नको तिथे चिकटपट्टी लावून झाकणे. हरिकेनला पोटाकडे करडा रंग, वर मातकट आणि त्यावर गडद हिरवे वळणदार पट्टे. वरून पाहणाऱ्याला जमीन आणि झाडी वाटावी म्हणून. मी आधी फिका रंग देतो, मग गडद. आधी पोट करडे करून झाकायचे, मग वरचा सगळा भाग मातकट, मग मातकट जिथे ठेवायचा तेवढा झाकून हिरवा. वळणांसाठी नकाशाची झेरॉक्स प्रतिकृतीच्या मापाची काढतो आणि तिच्यावरून टेप कापतो.

यात चार गोष्टी महत्त्वाच्या. टेपच्या मूळ कडेला धूळ चिकटलेली असते, म्हणून ती काचेवर लावून पोलादी पट्टी आणि नव्या ब्लेडने ताजी कड कापायची. दुसरे, टेप आधी तळहाताच्या मागच्या बाजूला दोनदा चिकटवून काढायची, म्हणजे तिचा जोर कमी होतो. तिसरे, कड दातकोरण्याने नीट दाबायची आणि कडेवरून आधी खालचाच रंग, म्हणजे मातकट, पुन्हा एक हात द्यायचा. टेपखाली शिरायचे ते त्याला शिरू दे, रंग तोच असल्याने दिसत नाही आणि फट बुजते. मग हिरवा. ब्रश टेपवरून बाहेर ओढायचा, कडेत घुसवायचा नाही. चौथे, टेप काढताना उभी खेचायची नाही. स्वतःवरच दुमडत, सावकाश, आडवी काढायची.

हे तुम्हाला इतके बारकाईने सांगण्याचे कारण वेगळे आहे. विमान अर्धे झाले असताना माझा उजवा हात थरथरू लागला. चहाचा कप उचलताना, सही करताना. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखा आजार नाही, पण जाणारही नाही. मी खोके बंद करून कपाटात ठेवले. वैमानिकाच्या डोक्यावरची काच अजून व्हायची होती आणि हरिकेनच्या काचेला बारीक बारीक चौकटी असतात. अर्ध्या मिलिमीटरची रेषा थरथरत्या हाताने कशी काढणार?

दोन महिने खोके तसेच राहिले. मग मागच्या वर्षी मूर्ती आणायला गेलो असताना कारखान्यात एक वयस्कर मूर्तिकार डोळ्यांची आखणी करताना दिसले. हात माझ्यासारखाच म्हातारा. पण मनगट मूर्तीला टेकलेले, करंगळी आधाराला, श्वास सोडताना एकच फटकारा आणि ब्रश वर. पाणी प्यायला भांडे उचलले तेव्हा मात्र त्यांचाही हात हलत होता! मी उभाच राहिलो.

घरी येऊन खोके काढले. काचेची चौकट हाताने रंगवायचीच नाही, असे ठरवले. टेपचे बारीक तुकडे काचेवर लावले. टेप अर्धपारदर्शक असते, चौकटीचा उंचवटा तिच्यातून दिसतो. दोन्ही कोपरे टेबलावर, दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवून नव्या ब्लेडने प्रत्येक काचेपुरता तुकडा कापला. ब्लेड चौकटीच्या उंचवट्याला टेकून चालते, त्यामुळे हाताला रेषा काढावी लागत नाही. रोज चार-पाचच तुकडे. हात जास्त हलू लागला की उठायचे. सगळे झाकून झाल्यावर आधी आतल्या बाजूचा करडा-हिरवा रंग दिला, म्हणजे आतून पाहिल्यावर तो दिसतो, आणि मग बाहेरचा. ब्रश थरथरला, टेपवर गेला. जाऊ दे! टेप त्यासाठीच होती.

टेप काढायच्या दिवशी नातू शेजारी बसला होता. एकेक तुकडा चिमट्याने उचलला आणि खाली स्वच्छ काच निघत गेली, कडा ब्लेडने कापल्यासारख्या सरळ. काच बसवायला मी फेव्हिकॉल वापरतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने काच धुरकट होते, फेव्हिकॉल वाळला की पारदर्शक होतो. ही एक युक्ती लक्षात ठेवा.

शेवटी चिन्हे लावली. बाहेर गडद निळा, आत फिका निळा. अप्पांचा फोटो समोर ठेवून जागा मोजली. फोटो काळा-पांढरा असल्याने त्यात रंग कळत नाहीत, पण मधला गोल फिका आहे, काळपट नाही, हे आता मला दिसते. तो फोटो आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून होता. मी कधी नीट पाहिलाच नव्हता.

विमान तयार झाल्यावर नातवाने खोक्यावरचे चित्र पाहिले आणि विचारले, “आजोबा, लाल ठिपका लावायचा राहिला की!”

मी त्याला म्हणालो, “राहिला नाही. बैस, सांगतो.” आणि अप्पांनी मला सांगितले नव्हते ते सगळे त्याला सांगितले. इम्फाळ, वेढा, अर्जन सिंग, डोपचा वास आणि ओल्या हवेत वाट बघत बसलेले रिगर. त्याला झोप येईपर्यंत बोलत होतो.

मित्रहो, मी कलावंत नाही. या छंदातून मला एवढेच कळले की रंगवण्याइतकेच झाकणे हेही काम आहे, आणि दोन हातांमधले थांबणे हेही काम आहे. हात थकला तर हाताला आधार शोधावा, काम सोडू नये. आपल्या मंडळात माझ्या वयाचे बरेच जण आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

पेटीतले विमान जरूर पाहा, फक्त काच उघडू नका. उत्सव संपल्यानंतरच्या रविवारी सकाळी ज्या मुलांना शिकायचे असेल त्यांनी माझ्याकडे यावे. ब्रश आणि टेप मी देईन. येताना घरातल्या आजी-आजोबांचा एखादा जुना फोटो घेऊन या. आधी तो पाहू, मग रंगाला हात लावू.