ललिता पवार : खाष्ट सासूच्या आधी आणि नंतर

(सोसायटीच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)

 

मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडलाय. मी बोलणार आहे ललिता पवारांवर. बघा, नाव घेतलं की हसू येतंच. सासू म्हटलं की ललिता पवार, आणि ललिता पवार म्हटलं की तो बारीक झालेला डावा डोळा.

माझ्या मनात त्या कुठून आल्या ते आधी सांगते. 2018 च्या जुलैत वसईत पाणी भरलं, लोकल बंद पडल्या, आठवतं ना? त्याच दिवसांत एका सकाळी मी चूळ भरत होते, तर पाणी तोंडाच्या एका बाजूने ओघळून गेलं. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा जागच्या जागी थिजलेला. एक डोळा मिटेना. कुणी म्हणालं वारं गेलं, कुणी म्हणालं लोकलच्या दारात उभी राहतेस, गार वारा लागला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेचा लकवा आहे, बहुतेक बरा होईल, पण वेळ लागेल. रात्री डोळ्यावर पट्टी चिकटवून झोपायचं, दिवसा आरशासमोर फुगे फुगवायचे.

एक दिवस खाली उतरले, तर पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारा एक मुलगा हळूच म्हणाला, ‘‘ललिता पवार आली.’’ त्यानंतर दीड महिना मी खाली उतरले नाही. भाजीसुद्धा दोरीला पिशवी बांधून वर घेतली. (तो मुलगा आता मोठा झालाय, आजचा माईक त्यानेच लावलाय. त्याला हे माहीत नव्हतं, आत्ता कळलं.)

घरात बसून करणार काय? म्हटलं, ही बाई होती तरी कोण, बघू या. मिळेल ते वाचलं, जुने सिनेमे पाहिले.

जन्म 18 एप्रिल 1916, नाशिक जिल्ह्यातलं येवलं. मूळ नाव अंबा. मूकपटांच्या काळात लहानपणीच कॅमेऱ्यासमोर आल्या. आणि सासू नव्हे हो, हिरोईन! तीही मारधाडीच्या सिनेमांची. 1931 चा ‘दिलेर जिगर’ नावाचा मूकपट आहे, त्याच्या नायिका ललिताबाई, वय पंधरा. आपल्याकडचे बहुतेक मूकपट नष्ट झाले, जे मोजके उरले त्यांत हा एक आहे. म्हणजे डोळा अधू होण्याआधीचा त्यांचा चेहरा आजही पडद्यावर बघता येतो. मी त्याचे तुकडे पाहिले. टपोरे डोळे. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

त्या गायच्यादेखील. 1935 च्या ‘हिम्मत-ए-मर्दा’त त्यांची स्वतःची गाणी होती. आणि नुसत्या कामाला जाणाऱ्या नव्हत्या, 1932 चा ‘कैलास’ आणि नंतरचा ‘दुनिया क्या है’ यांच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता. हा दुसरा टॉलस्टॉयच्या कादंबरीवरचा. विशीतली येवल्याची मुलगी टॉलस्टॉयवर सिनेमा काढते, आणि आपण लक्षात काय ठेवलं? मंथरा!

मग 1942. ‘जंग-ए-आझादी’चं शूटिंग. भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायची असा प्रसंग होता. चपराक जोरात बसली. शीर दुखावली, चेहऱ्याला लकवा झाला, तीन वर्षं उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. वय सव्वीस. हिरोईनचं काम तिथेच संपलं.

माझा चेहरा पाच महिन्यांत बऱ्यापैकी सुधारला. दमले की अजून थोडा ओढतो, तुम्ही पाहिलंच असेल. माझं पोट काही चेहऱ्यावर चालत नव्हतं. त्यांचं चालत होतं. आणि तरी त्या दीड महिना घरात बसल्या नाहीत. 1944 ला प्रभातच्या ‘रामशास्त्री’त त्या आनंदीबाई झाल्या. ध चा मा करणारी! गंमत बघा, याच आनंदीबाईंच्या यजमानांनी, राघोबादादांनी, 1775 च्या सुरतेच्या तहात साष्टी आणि आपली वसई इंग्रजांना देऊ केली होती. तेव्हा आपलं आणि त्यांचं जुनं भांडण आहे.

पुढे शांतारामबापूंचा ‘दहेज’ आला, 1950 ला, आणि खाष्ट सासू घरोघरी पोचली. पण माझ्या आवडत्या ललिताबाई वेगळ्याच आहेत. ‘श्री 420’ मधली केळेवाली आठवा. मुंबईत नवा आलेला राज कपूर तिच्याशी भावावरून हुज्जत घालतो, आणि ती वरून खेकसते पण आतून विरघळते. पहाटेच्या गाडीने केळी-भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईला जाणाऱ्या आपल्या वसईकरणी ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ती बाई नवीन नाही. आणि ‘अनाडी’तली मिसेस डिसा! तोंडाने फटकळ, राज कपूरला घालूनपाडून बोलणारी, आणि गुपचूप त्याच्या ताटात वाढणारी घरमालकीण. आमच्या सी विंगमधल्या आंटी अगदी तशाच, म्हणून त्यांनीच मला हा सिनेमा परत बघायला लावला. या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. 1961 ला संगीत नाटक अकादमीचा सन्मानही झाला. ‘प्रोफेसर’मध्ये तर त्यांनी चक्क लाजून दाखवलंय, जरूर बघा. रामानंद सागरांच्या ‘रामायण’मध्ये मंथरा केली तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

आता शेवटचं. 24 फेब्रुवारी 1998 ला त्या पुण्यात औंधला गेल्या. यजमान घशाच्या उपचारासाठी दवाखान्यात होते, त्या घरात एकट्या. मुलाने मुंबईहून फोन केला, कुणी उचलला नाही. दोन दिवसांनी कळलं.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी पट्टी लावलेल्या डोळ्याने जिना उतरले आणि सी विंगच्या आंटींची बेल वाजवली. त्याही एकट्याच असतात, मुलगा कॅनडात. तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला आमचा एक मिस कॉल ठरलेला. आता त्यात ए विंगच्या दोघी आणि तळमजल्यावरचे आजोबाही आहेत. मिस कॉल आला नाही की कुणीतरी चप्पल घालून निघतं. मागच्या महिन्यात आजोबांचा आला नव्हता. आम्ही धावत गेलो, तर फोन चार्जिंगला लावून ते पेपर वाचत बसले होते. आम्हालाच वर ओरडले.