वेबसाइटचा सातबारा कुणाच्या नावावर?

आपल्या नाशिक जिल्ह्यात निफाडकडचे बेदाणे, सुरगाण्याकडचे नागलीचे पापड, येवल्याची पैठणी विकणारे कितीतरी गट आहेत. त्यातले काही आता स्वतःची वेबसाइट काढू लागलेत. वेबसाइट दिसते कशी, हे आपण सगळ्याजणी बघतो. ती कुणाच्या नावावर आहे, हे मात्र फार थोड्या जणी विचारतात. आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

आधी पाच शब्द समजून घेऊ. वेबसाइटचं नाव म्हणजे डोमेन. ही आपल्या दुकानावरची पाटी. नावाच्या शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन असतं. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं. दुसरा शब्द होस्टिंग. आपले फोटो, दर, माहिती जिथं ठेवतात, तो भाड्याचा गाळा. तो गाळा ज्या कॉम्प्युटरमध्ये असतो, तो रात्रंदिवस चालू असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. प्रत्येक सर्व्हरला नंबर असतो, तो आयपी अ‍ॅड्रेस. आणि पाचवा शब्द डीएनएस. फोनमध्ये आपण 'आई' या नावावर बोट ठेवतो आणि फोन बरोबर नंबर लावतो ना? तसं डीएनएस नावावरून नंबर शोधून गिऱ्हाइकाला आपल्या गाळ्यावर आणून सोडतं.

आता लक्षात घ्या, पाटी वेगळी आणि गाळा वेगळा. दोन्हींचे पैसे वेगळे, मुदत वेगळी, कधी कधी कंपनीही वेगळी. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. एक वर्षापासून जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत मिळतं, मग नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षी दर कमी सांगतात, पुढच्या वर्षी वाढतो. म्हणून सुरुवातीलाच विचारा, "दुसऱ्या वर्षी किती?" मुदत चुकली आणि सवलतीचे दिवसही गेले, तर ते नाव दुसरं कुणीही घेऊ शकतं.

बहुतेक ठिकाणी काय होतं? गावातला एखादा हुशार मुलगा वेबसाइट करून देतो. खातं त्याच्या ईमेलवर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. त्याच्या मनात खोट नसते. पण तो नोकरीला पुण्याला गेला, नंबर बदलला, की मुदत संपल्याची सूचना गटापर्यंत पोचतच नाही. पाकिटावर छापलेला पत्ता बंद पडतो. पैसे गटाचे, नाव मात्र दुसऱ्याच्या हातात.

१९८६ साली आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं होतं. पुढे शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा, असं गावोगाव सांगितलं. राबणारीचं नाव कागदावर हवं, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. वेबसाइटलाही तीच लागू आहे.

मग करायचं काय? गटाच्या नावानं एक ईमेल काढा. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही खाती त्याच ईमेलवर घ्या. मालक म्हणून गटाचं नाव लिहायला सांगा आणि पावतीही गटाच्या नावाची घ्या. बँकेचं खातं जसं एकटीच्या सहीवर चालत नाही, तसा पासवर्डही एकटीकडे नको. लिहून, पाकीट बंद करून गटाच्या पेटीत ठेवा. तो कुणाकुणाला ठाऊक आहे, हे इतिवृत्तात नोंदवा. पदाधिकारी बदलल्या की पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल नंबर दोन्ही बदला. मुदतीची तारीख हप्त्याच्या तारखेसारखी वहीत लिहा आणि महिनाभर आधीच्या बैठकीत विषय घ्या. वेबसाइटची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

खातं आजही दुसऱ्याच्या नावावर असेल, तर भांडू नका. त्या मुलाला बैठकीला बोलवा, चहा द्या आणि त्याच्यासमोरच ईमेल, मोबाइल आणि मालकाचं नाव बदलून घ्या. कंपनी बदलायची असेल, तर डोमेनच्या बदलीचा कोड मागून घ्या.

आणखी एक. "तुमचं डोमेन आज बंद होणार, या लिंकवर पैसे भरा," असा मेसेज आला तर लिंक दाबू नका. स्वतः खात्यात जाऊन तारीख बघा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा.

येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एवढंच विचारा, "आपली वेबसाइट कुणाच्या नावावर आहे?" उत्तर वहीत लिहा.